गळाच्या दोन्ही टोकांची सुरक्षा

आल्फ्रेड डीन यांचा विक्रम १९५९ पासून अबाधित आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातील सेडुना येथे त्यांनी गळाने २,६६४ पौंडांचा, म्हणजे सुमारे १,२०८ किलोंचा ग्रेट व्हाइट शार्क पकडला. जवळजवळ दोन मारुती ८०० एवढे वजन! हा विक्रम आता मोडणे अवघडच आहे. दक्षिण आफ्रिकेने १९९१ मध्ये या शार्कला कायद्याचे संरक्षण दिले आणि पुढे ऑस्ट्रेलियानेही दिले.

फौजेत फायरिंग रेंज असो वा नदी पार करण्याचा सराव, आधी सेफ्टी ब्रीफिंग होते. त्यामुळे या खेळाचा इतिहास वाचताना मी एकच प्रश्न धरून बसलो: सुरक्षा कोणाची?

सुरुवातीला उत्तर सरळ होते, माणसाची. दक्षिण आफ्रिकेतील हर्मानस येथे विल्यम सेलकर्क यांनी किनाऱ्यावरून २,१७६ पौंडांचा शार्क गळाला लावला. एवढ्या ताकदीशी झुंजणारा माणूस पट्ट्यांनी गळाच्या काठीला जोडलेला असतो. मासा उसळला तर माणूसही पाण्यात. म्हणून पट्टे क्षणात सुटले पाहिजेत, तारेच्या वेटोळ्यात कोणाचा पाय नको, हाताला दोर गुंडाळायचा नाही. मासा थकला असे वाटते तेव्हाच सर्वात सावध राहायचे, कारण तो बोटीजवळ आलेला असतो. जखमी शत्रूजवळ जाताना आपणही हेच शिकतो.

अमेरिकेतील माँटॉकचे फ्रँक मंडस यांनी १९५० च्या दशकात शार्कची शिकार हा थराराचा धंदा केला. ‘जॉज’मधल्या क्विंटचे मूळ त्यांच्यात आहे असे मानतात. १९७५ च्या त्या चित्रपटानंतर शार्क मारणे म्हणजे मर्दुमकी, असे अनेकांना वाटू लागले.

पण त्याच किनाऱ्यावर दुसरी गोष्टही घडत होती. जॅक केसी या शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये हौशी मच्छीमारांनाच हाताशी धरले. शार्क पकडा, खूणपट्टी लावा, सोडून द्या. तोच मासा पुन्हा सापडला की तो किती पोहला, किती वाढला हे कळे. शार्क महासागर ओलांडतात हे त्यातून दिसले. शिकारीच शास्त्रज्ञांचे टेहळे झाले.

मग दुसऱ्या टोकाकडे लक्ष गेले. सोडलेला प्रत्येक शार्क जगतोच असे नाही. त्याच्या पोटातील अवयवांना बरगड्यांचा आधार नसतो, बाहेर ओढला की स्वतःच्याच वजनाने ते दबतात. लांबलेल्या झुंजीने रक्तात आम्ल वाढते. मोठा हॅमरहेड तर बऱ्याचदा पोहत निघून जातो आणि नंतर मरतो. म्हणून हलक्या दोरीवर तासन्‌तास खेळवण्यात शौर्य नाही. दोर मजबूत हवा, झुंज थोडक्यात संपवावी. गळ गोलाकार असावा, तो घशात न जाता बहुधा जबड्याच्या कडेला अडकतो. मासा पाण्यातच ठेवून तार जवळून कापावी. यात माणसाचे हातही जबड्यापासून लांब राहतात, म्हणजे एकाच ड्रिलमध्ये दोघेही सुरक्षित. फ्लोरिडाने २०१९ मध्ये किनाऱ्यावरून शार्क पकडणाऱ्यांना परवान्याआधी प्रशिक्षण सक्तीचे केले. गोलाकार गळ आणि तार कापण्याचे साधन हेही नियमात आले.

आपल्याकडची गोष्ट खेळाची नाही, पोटाची आहे. सौराष्ट्रातील पोस्टिंगमध्ये तिथल्या मच्छीमारांकडून ‘बॅरल’ हे नाव ऐकले. बॅरल म्हणजे व्हेल शार्क. आकड्याला पिंपे बांधून त्याला दमवत, त्यावरून हे नाव पडले. २००१ मध्ये हा मासा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आला. २००४ पासून मोरारी बापूंच्या साथीने ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, ही मोहीम उभी राहिली आणि बॅरलची व्हाली झाली. जाळ्यात सापडली तर मच्छीमार स्वतःचे जाळे कापतात. गुजरात वन विभाग त्याची भरपाई देतो. शेकडो मासे असे सुटले आहेत.

हौशी माणूस तार कापतो तेव्हा त्याचा एक फोटो जातो. वेरावळचा मच्छीमार जाळे कापतो तेव्हा त्या दिवसाची कमाई जाते. भरपाई वेळेवर मिळाली तरच पुढच्या वेळी कोयता जाळ्यावर चालेल, हे आपल्या वेटरन मित्रांना वेगळे सांगायला नको. पेन्शनची फाइल अडली की काय होते, ते आपण जाणतोच.

जय हिंद.