नॅशनल हॉकी लीगमधील संघांच्या सदस्यत्वातील बदल

नॅशनल हॉकी लीग (संक्षेपाने एनएचएल) ही उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकीची साखळी स्पर्धा आहे. १९१७ साली तिची स्थापना झाली तेव्हा तिचे सर्व संघ कॅनडातील होते. आज ३२ संघांपैकी २५ अमेरिकेत व ७ कॅनडात आहेत. ही वाढ सरळ झालेली नाही. अनेक संघ बुडाले, काही विलीन झाले, तर कित्येकांनी गाव बदलले.

== सदस्यत्वाचे स्वरूप ==
इंग्लंडमधील फुटबॉलप्रमाणे येथे तळाचा संघ खालच्या श्रेणीत जात नाही. कितीही सामने हरला तरी त्याचे सदस्यत्व अबाधित राहते. मात्र हे सदस्यत्व शहराचे नसते. ते मालकाकडील फ्रँचायझीचे असते आणि इतर मालकांच्या संमतीने ती विकता किंवा दुसरीकडे हलवता येते. त्यामुळे खेळात यशस्वी असलेला संघही एखादे शहर गमावू शकते.

== आरंभीची पडझड ==
लीगचा जन्मच सदस्यत्वाच्या वादातून झाला. नॅशनल हॉकी असोसिएशन या आधीच्या संघटनेतील मालकांना टोरंटोचे मालक एडी लिव्हिंगस्टोन नकोसे झाले होते. त्यांना काढून टाकणे कठीण होते, म्हणून इतरांनी २६ नोव्हेंबर १९१७ रोजी माँट्रियाल येथे नवीच संघटना स्थापन केली. जानेवारी १९१८मध्ये माँट्रियालचे क्रीडागृह जळाले. त्यानंतर माँट्रियाल वाँडरर्स संघाने माघार घेतली आणि पहिल्याच हंगामात तीन संघ उरले.

१९२४मध्ये बॉस्टन ब्रुइन्स हा पहिला अमेरिकी संघ आला. हॅमिल्टनची कथा विशेष बोलकी आहे. १९२५मध्ये साखळीत अव्वल ठरलेल्या या संघाच्या खेळाडूंनी वाढीव सामन्यांसाठी प्रत्येकी २०० डॉलर मागितले व ते न मिळाल्याने खेळण्यास नकार दिला. लीगने संघाला बाद ठरवले. खेळाडू न्यूयॉर्क अमेरिकन्स या नव्या संघात गेले आणि हॅमिल्टनला पुन्हा कधीही सदस्यत्व मिळाले नाही.

महामंदीने पिट्सबर्गहून फिलाडेल्फियाला गेलेला संघ, ओटावाहून सेंट लुईसला गेलेला संघ आणि माँट्रियाल मरून्स हे तिन्ही संपवले. १९४२मध्ये न्यूयॉर्क अमेरिकन्सही बंद पडला. उरलेल्या सहा संघांना ‘मूळ सहा’ म्हणण्याचा प्रघात आहे. तो दिशाभूल करणारा आहे, कारण त्यांपैकी केवळ माँट्रियाल आणि टोरंटो हे १९१७चे संघ होत.

== विस्तार आणि प्रतिस्पर्धी लीग ==
पंचवीस वर्षे सहावर थांबलेली संख्या १९६७मध्ये एकदम बारा झाली. सहाही नवे संघ एकाच गटात ठेवल्याने अंतिम फेरीत त्यांच्यापैकी एकाचे स्थान निश्चित असे. सेंट लुईस ब्लूज पहिली तीन वर्षे तेथे पोहोचला, पण अंतिम फेरीतील बारापैकी एकही सामना जिंकू शकला नाही. १९७४मध्ये आलेल्या वॉशिंग्टन कॅपिटल्सने पहिल्या हंगामातील ८० सामन्यांत अवघे ८ विजय मिळवले. जुन्या संघांनी नको असलेले खेळाडूच नव्यांच्या वाट्याला येत असत.

१९७२पासून वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही प्रतिस्पर्धी लीग मैदानात उतरली आणि खेळाडूंचे मानधन वाढले. कॅलिफोर्नियाचा संघ १९७६मध्ये क्लीव्हलंडला गेला व १९७८मध्ये मिनेसोटाच्या संघात विलीन झाला. पुढच्याच वर्षी प्रतिस्पर्धी लीग आटोपली. तिच्यातील एडमंटन, क्वेबेक, विनिपेग आणि हार्टफर्ड हे चार संघ एनएचएलमध्ये आल्याने संख्या २१ झाली.

== स्थलांतरे ==
या चौघांपैकी आज आपल्या गावी टिकून आहे तो फक्त एडमंटन. कॅनडातील संघांचे उत्पन्न कॅनडियन डॉलरमध्ये, तर खेळाडूंचे वेतन अमेरिकी डॉलरमध्ये होते. १९९०च्या दशकात कॅनडियन चलन घसरले आणि लहान शहरांना हा भार पेलवेना. १९९५मध्ये क्वेबेकचा संघ डेन्व्हरला, तर १९९६मध्ये विनिपेगचा फीनिक्सला गेला. हार्टफर्ड हे अमेरिकेतील शहर असूनही १९९७मध्ये त्याचा संघ कॅरोलायनाला गेला. क्वेबेकचे दुःख अधिक बोचरे होते. गाव सोडल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात, १९९६मध्ये, त्या संघाने कोलोरॅडो ॲव्हलांच या नावाने स्टॅनले चषक जिंकला.

उलट दिशेचा प्रवासही घडला. ॲटलांटाने दोन संघ गमावले व दोन्ही कॅनडाला गेले. १९८०मध्ये एक कॅलगरीला गेला आणि २०११मध्ये दुसरा विनिपेगला.

== अलीकडील बदल ==
२०१७मध्ये व्हेगस गोल्डन नाइट्सने प्रवेशासाठी ५० कोटी डॉलर मोजले. १९६७मध्ये हेच शुल्क २० लाख होते. बदल्यात खेळाडू निवडीचे नियम उदार झाले होते आणि हा संघ पहिल्याच हंगामात अंतिम फेरीत पोहोचला. २०२१मध्ये सिॲटल क्रॅकन आल्याने संख्या ३२ झाली.

फीनिक्सचा संघ, पुढे ॲरिझोना कायोटीज, २०२२पासून टेम्पी येथील विद्यापीठाच्या सुमारे पाच हजार आसनांच्या सभागृहात खेळत होता. नव्या क्रीडागृहाचा प्रस्ताव २०२३मध्ये टेम्पीच्या मतदारांनी फेटाळला. पुढील वर्षी त्याचे खेळाडू सॉल्ट लेक सिटीला गेले. मात्र लीगने युटाच्या संघाला नवा संघ मानले व ॲरिझोनाची फ्रँचायझी निष्क्रिय ठरवली. त्यामुळे जुने विक्रम खेळाडूंबरोबर युटाकडे गेले नाहीत.