मोंराशेचा द्राक्षमळा : भूरचना, मृदा व हवामान यांचे ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात, बोन शहराच्या दक्षिणेस, मोंराशे हा सुमारे ८ हेक्टरांचा द्राक्षमळा आहे. शार्दोने जातीच्या द्राक्षांपासून येथे तयार होणारी पांढरी वाइन जगातील श्रेष्ठ वाइनमध्ये गणली जाते. एवढ्याशा जमिनीस हे स्थान निसर्गाने दिले की इतिहासाने, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भूरचना व मृदा :

सोन नदीच्या मैदानाच्या पश्चिमेस प्रस्तरभंगामुळे एक लांब उतार निर्माण झाला आहे. त्यावर जुरासिक काळातील चुनखडी व चिकणमातीयुक्त चुनखडीचे थर उघडे पडले आहेत. मोंराशे या उताराच्या मध्यभागी, सुमारे २५० ते २७० मीटर उंचीवर असून त्याचे तोंड आग्नेयेस आहे. त्यामुळे सकाळचे ऊन लवकर मिळते आणि पाण्याचा निचराही चांगला होतो. लगतच्या मळ्यांशी तुलना केल्यास मृदेचे महत्त्व स्पष्ट होते. वरच्या बाजूचा शव्हालिये-मोंराशे अधिक चढाचा असून तेथील माती उथळ व दगडाळ आहे, तर खालच्या बातार-मोंराशेची माती खोल व चिकण आहे. एका पायवाटेच्या अंतराने वाइनची प्रकृती बदलते.

ऐतिहासिक घडण :

परंतु मातीला स्वतःच्या सीमा आखता येत नाहीत. १२५२ मध्ये येथील काही जमीन मेझिएरच्या सिस्टर्शियन मठास दान मिळाली. राज्यक्रांतीच्या काळात चर्चच्या जमिनी विकल्या गेल्या आणि वारसाहक्काच्या समान वाटणीमुळे बर्गंडीतील मळ्यांचे लहान तुकडे झाले. मोंराशेच्या मधून तर दोन गावांची शीव जाते. १८७९ मध्ये प्युलिन्यी व शासान्य या दोन्ही गावांनी मळ्याचे नाव आपल्या नावास जोडून घेतले.

मृदेचा माणसाच्या जीवनावरील परिणाम १७८७ मध्ये या भागातून प्रवास करणाऱ्या टॉमस जेफरसन यांनी टिपला आहे. पोमार व व्होल्ने येथील मजूर गव्हाची भाकरी खात होते, तर शेजारच्या मोर्सो येथील मजूर राय धान्याची. कारण विचारता त्यांना असे सांगण्यात आले की, पांढरी वाइन लाल वाइनपेक्षा अधिक वेळा बिघडते व पडून राहते. मोर्सोची जमीन दगडाळ असल्याने तेथे लाल वाइनची द्राक्षे घेता येत नव्हती. मोंराशेची वाइन मात्र त्याच काळी उत्तम लाल वाइनच्या भावाने विकली जात होती, असेही त्यांच्या नोंदीत आहे. म्हणजे दगडाळ उतारावरील पांढऱ्या वाइनची प्रतिष्ठा हा नियम नसून अपवाद होता.

१८५५ मध्ये ज्यूल लाव्हाल यांनी बर्गंडीच्या मळ्यांची प्रतवारी करताना मोंराशेस पांढऱ्या वाइनमध्ये अग्रस्थान दिले. ३१ जुलै १९३७ च्या आदेशाने त्याच्या नावास व सीमेस कायद्याचे संरक्षण मिळाले. २०१५ मध्ये बर्गंडीच्या या मळ्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

हवामानाचे आव्हान :

कायद्याने सीमा स्थिर केली, हवामान मात्र स्थिर राहिले नाही. बोन येथील द्राक्षतोडणीच्या तारखा १३५४ पासून उपलब्ध आहेत. त्यांच्या अभ्यासावरून, १९८८ नंतर तोडणी पूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे १३ दिवस अगोदर होऊ लागल्याचे दिसते. कळ्याही लवकर फुटत असल्याने वसंतातील दहिवराचा धोका टिकून आहे. एप्रिल २०१६ मधील दहिवराने मोंराशेचे एवढे नुकसान केले की काही मालकांना आपली उरलेली द्राक्षे एकत्र करून वाइन बनवावी लागली. वाटणीने तुटलेला मळा संकटाने क्षणभर जोडला.

निष्कर्ष :

भूरचना व मृदा यांनी मोंराशेस संधी दिली. मठ, बाजारपेठ, प्रतवारी आणि कायदा यांनी त्या संधीचे प्रतिष्ठेत रूपांतर केले. या प्रतिष्ठेच्या मुळाशी थंड प्रदेशात द्राक्ष सावकाश पिकते हे गृहीत आहे. तेच डळमळीत झाल्यास नकाशावरील रेषा कायम राहील, पण तिचा अर्थ पुन्हा तपासावा लागेल.