पारचा पूल

आमच्या घरात प्रतापगडाची गोष्ट गडापासून नाही, पुलापासून सुरू व्हायची. आजीचं माहेर कोयनेच्या खोऱ्यातलं. गडाच्या पायथ्याला पार गावाजवळ नदीवर दगडी कमानींचा शिवकालीन पूल आहे. आजीच्या लेखी तो गावातला वडीलधारा माणूसच. त्यावर थुंकायचं नाही, हा तिचा दंडक.

थोरले आजोबा सांगत, अफझलखानाचे हत्ती याच पुलावरून गेले. हे मला पटत नाही. खान रडतोंडीच्या घाटाने उतरला, त्याची छावणी पारला पडली आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी तो गडाखाली मारला गेला, एवढं खरं. त्याआधी, १६५६ साली जावळी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी मोरोपंत पिंगळ्यांकडून हा गड बांधून घेतला. गडाची नजर पार घाटावर होती. कोकणातून देशावर जाणारी ही जुनी वाट. हत्तींपेक्षा मला या वाटेवरचे बैल जवळचे वाटतात. आजीने तिच्या आजीकडून ऐकलं होतं, की महाडकडून मीठ, सुकी मासळी, नारळ लादून बैलांचे तांडे वर यायचे आणि परतताना धान्य, गूळ घेऊन उतरायचे. इंग्रजांनी आंबेनळीचा घाटरस्ता काढला आणि तांडे हळूहळू आटले.

"चुन्यात गूळ नि हिरडा घातलाय, म्हणून धरून आहे," असं आजी म्हणायची. चुन्यात असे जिन्नस घालायची रीत होतीच. तरी खरी करामत मला कमानीत दिसते. तिचा एकेक दगड शेजारच्याला रेटून बसलेला असतो. वरून भार आला की दगड आणखी आवळतात आणि सगळा भार खांबांत उतरतो. खांबांची प्रवाहाकडची बाजू निमुळती आहे, त्यामुळे पुराचं पाणी तिथे दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जातं. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरावर एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला. आंबेनळीचा रस्ता जागोजाग खचला. पारचा पूल उभा राहिला.

पावसाळा सरला की आजीच्या माहेरचे पुरुष पुलाच्या सांध्यांत रुजलेली पिंपळ-उंबराची रोपं मुळासकट उपटून काढायचे. त्याचा हुकूम कुणी दिलेला नव्हता. दगडी बांधकाम या मुळांनीही फुटतं. प्रतापगडाला जाल तेव्हा वाट वाकडी करून पारला उतरा, कमानी खालून बघा, आणि सांध्यात हिरवं रोप दिसलं तर गावात सांगितल्याशिवाय परतू नका.