वर्ल्ड ॲट वॉर, द

दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासावरील २६ भागांची ब्रिटिश माहितीपट-मालिका. निर्मिती लंडनच्या थेम्स टेलिव्हिजनची. निर्माते जेरेमी आयझॅक्स, निवेदक लॉरेन्स ऑलिव्हिए, संगीतकार कार्ल डेव्हिस. आयटीव्ही या खासगी वाहिनीजालावरून ३१ ऑक्टोबर १९७३ रोजी तिचा पहिला भाग दाखवला गेला आणि शेवटचा ८ मे १९७४ रोजी, म्हणजे युरोपातले युद्ध संपल्याला बरोबर २९ वर्षे झाली त्या दिवशी. लढाया, सेनापती आणि बाणांचे नकाशे यांवर भर देणाऱ्या युद्धमालिका आधीही होत्या, नंतर तर ढिगाने आल्या. युद्ध ज्यांच्या अंगावरून गेले आणि ज्यांनी ते घडवून आणले, अशा दोघांनाही कॅमेऱ्यासमोर बसवून शांतपणे बोलू देणारी मालिका म्हणून आजही हिचेच नाव आधी घेतले जाते.

पहिला भाग उघडतो तो फ्रान्समधल्या ओरादूर-सुर-ग्लान या गावात. छपरे नसलेली घरे, ओस पडलेला रस्ता, माणूस कुठेच नाही. १० जून १९४४ रोजी एसएसच्या ‘दास राइश’ डिव्हिजनच्या सैनिकांनी या गावात ६४२ जणांना मारले; पुरुषांना कोठारांत आणि गोठ्यांत, बायकामुलांना चर्चमध्ये कोंडून. युद्धानंतर गाव शेजारी नव्याने वसवले गेले आणि जुने अवशेष जळाले तसेच राखून ठेवले. या अवशेषांवरून कॅमेरा फिरत असताना ऑलिव्हिए अगदी छोटी, विशेषणे नसलेली वाक्ये बोलतात. मग शीर्षकपट्टी येते आणि ज्वाळांत विरघळणारे चेहरे दिसतात. त्यानंतरच कथा मागे, १९३३ च्या जर्मनीत जाते. सव्विसाव्या भागात मालिका पुन्हा ओरादूरलाच येऊन थांबते. या दोन टोकांमध्ये प्रेक्षकाने बावीस तासांहून अधिक चित्रण पाहिलेले असते, पण मधल्या काळात त्याला त्या गावाचा विसर पडत नाही.

मालिकेला पैसा मिळाला तो कराच्या सवलतीतून. ब्रिटनमधील खासगी दूरचित्रवाणी कंपन्यांच्या जाहिरात-उत्पन्नावर सरकारचा विशेष आकार होता. १९७१ मध्ये तो कमी केला गेला आणि वाचलेला पैसा चांगल्या कार्यक्रमांवर खर्च व्हावा अशी अपेक्षा ठेवली गेली. आयझॅक्स तेव्हा थेम्समध्ये माहितीपर कार्यक्रमांचे प्रमुख होते. संधी ओळखून त्यांनी महायुद्धाचा प्रस्ताव पुढे केला. एकूण खर्च ९ लाख पौंडांच्या आसपास गेला. तोवर कोणत्याही माहितीपर मालिकेवर इतका पैसा ओतला गेला नव्हता.

भागांची वाटणी कशी करायची, हा पहिला पेच होता. त्यासाठी आयझॅक्स लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमचे संचालक नोबल फ्रँकलंड यांच्याकडे गेले. फ्रँकलंड हे स्वतः बाँबफेकी विमानांत नॅव्हिगेटर होते आणि जर्मनीवरील बाँबहल्ल्यांच्या अधिकृत ब्रिटिश इतिहासाचे एक लेखकही. त्यांनी युद्धाचा निकाल ठरवणाऱ्या १५ मोहिमांची यादी दिली. प्रत्येकीला एक भाग मिळाला. उरलेल्या ११ भागांत आयझॅक्स यांनी मोहिमांच्या यादीत न बसणारे सगळे बसवले : नाझी सत्तेचा उदय, ब्रिटनमधले रेशन आणि बाँबवर्षावातले घरगुती जीवन, जर्मनीतली आणि जपानमधली सामान्य माणसे, जर्मन टाचेखालचे हॉलंड, ज्यूंचा संहार. मालिका टिकली ती मुख्यतः या अकरा भागांमुळे, असे म्हणायला हरकत नाही. स्टालिनग्राड किंवा नॉर्मंडीवर पुढे डझनावारी चित्रपट निघाले. व्याप्त हॉलंडमधला एखादा कारकून किंवा पोलीस हुकूम पाळता पाळता संहारात कसा ओढला जातो, हे इतक्या सबुरीने दाखवणारे काम अजूनही विरळाच.

फ्रँकलंड यांचा दुसरा आग्रह चित्रणाच्या खरेपणाचा होता, आणि त्यामागे एक जुने भांडण होते. बीबीसीने १९६४ मध्ये पहिल्या महायुद्धावर ‘द ग्रेट वॉर’ ही मालिका काढली होती. तीही २६ भागांचीच. तिच्यात कथापटांतील आणि नंतर उभ्या केलेल्या लढायांची दृश्ये अस्सल चित्रणात बेमालूम मिसळलेली होती. मित्रराष्ट्रांचे सैन्य पडद्यावर नेहमी एकाच दिशेने पुढे जावे आणि जर्मन समोरून यावेत, म्हणून काही चित्रे चक्क उलटीही केली होती. म्युझियम त्या मालिकेत भागीदार होते, त्यामुळे फ्रँकलंड यांनी त्यावर हरकत घेतली. ‘द वर्ल्ड ॲट वॉर’च्या वेळी मात्र चित्रसंशोधकांना नकार देण्याचा मोकळा हात मिळाला : ठिकाण, तारीख आणि विषय जुळत नसेल तर दृश्य कितीही देखणे असो, ते बाजूला ठेवायचे.

चित्रणाचा खरेपणा तपासण्याची एक साधी कसोटी असते, आणि ती कोणत्याही युद्धपटाला लावता येते. कॅमेरा कुठे उभा आहे ते पाहावे. सैनिक गोळीबारात पुढे धावत येत असतील आणि कॅमेरा त्यांच्या तोंडासमोर असेल, तर छायाचित्रकार शत्रूच्या बाजूला पाठ करून उभा आहे, म्हणजे बहुधा तिथे शत्रू नाहीच. पहिल्या महायुद्धातील सोमच्या लढाईवरचा १९१६ चा गाजलेला चित्रपट घ्या. खंदकातून वर चढणाऱ्या सैनिकांचे त्यातले दृश्य आघाडीमागच्या प्रशिक्षण केंद्रात उभे केलेले होते. नोव्हेंबर १९४२ मध्ये स्टालिनग्राडच्या पश्चिमेला दोन सोव्हिएत आघाड्या एकमेकींना मिळाल्या. बर्फातून दोन्हीकडचे सैनिक धावत येऊन मिठ्या मारतात, ते सुप्रसिद्ध दृश्य नंतर कॅमेऱ्यासाठी पुन्हा करून घेतले होते. युद्धवार्ताहरांच्या हातातला आयमो कॅमेरा घड्याळासारखा किल्ली देऊन चाले आणि त्यात शंभर फुटांचे रीळ मावे. ते जेमतेम मिनिटभर पुरायचे. अस्सल चित्रण म्हणूनच तुटक आणि हललेले असते, धूर नाहीतर कुणाची तरी पाठ मध्ये येते. ते बहुतांशी मूकही असते. युद्धपटांत ऐकू येणारे रणगाड्यांचे घरघरणे आणि तोफांचे धडाके पुढे ध्वनिमुद्रणाच्या खोलीत चढवलेले असतात. ही मालिकाही त्याला अपवाद नाही.

मुलाखतींबाबत आयझॅक्स यांचे धोरण त्या काळच्या मानाने वेगळे होते. पदकधारी सेनापतींपेक्षा त्यांच्या आसपासची माणसे शोधायची : सहायक, चिटणीस, तारायंत्रावरचा शिपाई, रांगेत उभी राहिलेली गृहिणी. मोठी नावे आहेतच. कार्ल डोनिट्झ, आर्थर हॅरिस, अँथनी ईडन, माउंटबॅटन, पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याचे नेतृत्व करणारा मित्सुओ फुचिदा, सगळे येऊन बोलून जातात. इतिहासकार मात्र पडद्यावर जवळजवळ दिसतच नाहीत. सूत्रसंचालकही नाही. आजच्या वाहिन्यांवर दर दोन मिनिटांनी एखादा तज्ज्ञ पुस्तकांच्या कपाटापुढे बसून ‘आता काय घडणार होते’ ते सांगतो. त्याच्या तुलनेत हा मोकळेपणा फार सुखावणारा वाटतो.

त्राउडल युंग हे या धोरणाचे उत्तम फळ. त्या हिटलरच्या सर्वांत तरुण चिटणीसांपैकी एक. २९ एप्रिल १९४५ च्या पहाटे बर्लिनच्या भूमिगत बंकरमध्ये हिटलरचे मृत्युपत्र त्यांनीच टंकलिखित केले. पडद्यावर त्या नीटनेटक्या कपड्यांत, चांगल्या इंग्रजीत, एखादी कारकून आपल्या जुन्या साहेबाविषयी सांगेल तशा बोलतात. ऐकताना अंगावर काटा येतो तो त्या सुरामुळे. त्यांची मुलाखत इतकी भरघोस निघाली की पुढे तिच्यावरून एक स्वतंत्र जादा भाग काढावा लागला. त्यांच्यावरचा पूर्ण लांबीचा माहितीपट यायला मात्र २००२ साल उजाडले. त्याच वर्षी त्या वारल्या.

एसएसप्रमुख हिमलरचा सहायक कार्ल वोल्फ हे दुसरे टोक. ट्रेब्लिंका संहारछावणीकडे ज्यूंना पाठवण्यातल्या सहभागाबद्दल १९६४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने त्याला शिक्षा केली होती. त्याला राजी करणे हे संशोधकांपुढचे सर्वांत अवघड काम ठरले. कॅमेऱ्यासमोर तो १९४१ च्या उन्हाळ्यात मिन्स्क येथे हिमलरबरोबर पाहिलेल्या सामूहिक गोळीबाराचे वर्णन करतो. खड्ड्यात डोकावणाऱ्या हिमलरच्या कोटावर शिंतोडे उडाले आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला, हे तो एखादा किस्सा सांगावा तसे सांगतो. मुलाखतकार मध्ये बोलत नाही आणि ‘तुम्ही तिथे काय करत होता’ असा सवालही टाकत नाही. आजचा संपादक ही जागा बहुधा सोडणार नाही. पण वोल्फच्या चेहऱ्यावरची सहजता तशीच राहू दिल्यामुळे प्रेक्षक तो प्रश्न स्वतःच विचारतो.

या मोकळीकीची दुसरी बाजूही आहे, आणि ती अल्बर्ट श्पेअरच्या बाबतीत दिसते. हिटलरचा वास्तुविशारद आणि शस्त्रनिर्मितिमंत्री असलेला श्पेअर वीस वर्षांची कैद भोगून १९६६ मध्ये सुटला होता. पश्चात्तापदग्ध, सुसंस्कृत नाझी अशी प्रतिमा त्याने आत्मचरित्रातून पक्की केली होती. मालिकेतही तो तसाच दिसतो : संयमी, विश्वासार्ह, थोडा खिन्न. ज्यूंच्या संहाराची आपल्याला नेमकी कल्पना नव्हती, हे त्याचे जाहीर पालुपद. हिमलरने ६ ऑक्टोबर १९४३ रोजी पोझेन येथे संहाराची उघड वाच्यता केली तेव्हा आपण तिथे हजर होतो, असे एका खासगी पत्रात त्याने कबूल केले होते. ते पत्र डिसेंबर १९७१ चे, म्हणजे मालिका पडद्यावर येण्याच्या दोन वर्षे आधीचे. उजेडात आले २००७ मध्ये. पुन्हा पाहताना श्पेअर बोलू लागला की इतिहासापेक्षा अभिनयाकडे लक्ष जाते.

अभिनयावरून ऑलिव्हिए. युद्धाच्या काळात ते नौदलाच्या हवाई शाखेत अधिकारी होते आणि १९४४ मध्ये त्यांनी शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फिफ्थ’वरून केलेला चित्रपट लढणाऱ्या ब्रिटनचे मनोबल वाढवण्यासाठी सरकारच्या मदतीने निघाला होता. तीस वर्षांनी त्याच गळ्याने, सगळी रणगर्जना बाजूला ठेवून, मेलेल्यांची मोजदाद केली. शब्द त्यांचे नव्हते. नील ॲशरसन आणि इतर लेखकांनी ते चित्रे पाहून, चित्रे बोलत असतील तिथे गप्प राहून लिहिले होते. कार्ल डेव्हिस यांचे संगीतही तसेच राखून वापरलेले आहे.

मालिकेला जे दिसले नाही, त्यातले काही काळाचे देणे आहे. अटलांटिकमधील पाणबुडीयुद्धावरचा ‘वुल्फ पॅक’ हा भाग एनिग्मा संकेतयंत्राचा भेद झाल्याचा उल्लेखही न करता संपतो, कारण ब्रिटनने हे गुपित १९७४ च्या उत्तरार्धापर्यंत सांभाळले होते. ‘अल्ट्रा’ या सांकेतिक नावाच्या या गुपितावरचे पहिले इंग्रजी पुस्तक आले तेव्हा मालिका संपून काही महिनेच झाले होते. काही दोष मात्र दृष्टीचा आहे. आठ वर्षे लढलेल्या चीनला स्वतंत्र भाग नाही. भारताचे पंचवीस लाख सैनिक या युद्धात होते आणि १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणसे मेली, पण सव्विसांपैकी एकही भाग भारताचा नाही. भारतीय सैनिक येतो तो ब्रह्मदेशाच्या भागात, आणि त्या भागाचे शीर्षकही घेतले आहे ते ब्रिटिश सैनिकांच्या आवडत्या गाण्यावरून.

इटलीच्या मोहिमेवरचा ‘टफ ओल्ड गट’ हा भाग मराठी प्रेक्षकाने मुद्दाम पाहावा. तो जून १९४४ मध्ये रोम पडल्यावर थांबतो. पुढच्याच महिन्यात, १० जुलै १९४४ रोजी, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे नायक यशवंत घाडगे आपल्या तुकडीतले इतर सगळे पडल्यावर एकटेच मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथेच मारले गेले. एप्रिल १९४५ मध्ये सेनियो नदीकाठी त्याच रेजिमेंटच्या नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन नदी ओलांडली आणि परत येऊन ठाणी मोडली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रोमनंतरची इटली ही एक दुय्यम आघाडी होती, या हिशेबाने मालिकेने तिला सोडले. त्या हिशेबात हे दोघेही बाहेर राहिले.

मालिका प्रथम दाखवली गेली तेव्हा मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू होऊन (२ ऑक्टोबर १९७२) वर्षच झाले होते. दूरदर्शनवर युद्ध आले ते वेगळ्या वळणाने : चेतन आनंद यांची ‘परमवीर चक्र’ (१९८८) ही मालिका आणि त्यापाठोपाठ ‘फौजी’ (१९८९). दोन्ही नटांनी साकारलेल्या आहेत. साक्षीदाराला समोर बसवून तास तास ऐकण्याचा, त्याच्या उलट बाजूचाही साक्षीदार शोधण्याचा प्रघात आपल्याकडे तेव्हा पडला नाही. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतले बरेच साक्षीदार दरम्यान निघून गेले.

ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २००० मध्ये केलेल्या १०० सर्वोत्तम ब्रिटिश दूरचित्रवाणी कार्यक्रमांच्या यादीत ही मालिका एकोणिसावी होती. मूळ भागांत न मावलेल्या सामग्रीवरून काही जादा भाग काढले गेले. त्यांचे निवेदन एरिक पोर्टर यांचे आहे. वापरात न आलेल्या मुलाखतींच्या आधारे रिचर्ड होम्स यांनी २००७ मध्ये ग्रंथ सिद्ध केला. २०१० मध्ये चित्रे स्वच्छ करून ब्लू-रे आवृत्ती निघाली आणि तिच्यावरून जाणकारांत वाद झाला. रुंद पडदा भरावा म्हणून जुन्या चौकोनी चौकटीचा वरचा-खालचा मिळून जवळजवळ चौथा हिस्सा तिच्यात कापलेला आहे. संग्रहात ठेवायची असेल तर आधीची डीव्हीडी शोधावी.