बिनतारी घराची कडी

ज्या देशात 1933 च्या कायद्यान्वये बिनतारी यंत्र सरकारी परवान्यावाचून जवळ बाळगणे हा गुन्हा होता, आणि साध्या रेडिओसंचासाठीही पोस्टात जाऊन परवान्याचे शुल्क भरावे लागे, त्याच देशात जानेवारी 2005 मध्ये सरकारने 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. या मुभेमुळे वाय-फाय मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यापर्यंत पोहोचले. परंतु दिवाणखान्याची भिंत त्या लहरींना अडवीत नाही, याचे भान मात्र यंत्राबरोबर घरी आले नाही.

या लहरींना पहिले कुलूप 1997 च्या आंतरराष्ट्रीय मानकाने दिले. तारेच्या तोडीची गोपनीयता, अशा अर्थाचे 'डब्ल्यूईपी' हे त्याचे नाव! अमेरिकेने गूढलेखनाच्या निर्यातीवर घातलेल्या निर्बंधांमुळे त्याची किल्ली आरंभी अवघी 40 बिटांची ठेवली गेली. पण खरे वैगुण्य निराळेच होते: प्रत्येक संदेशाबरोबर बदलणारा अंक 24 बिटांचा, म्हणजे त्याची रूपे 1,67,77,216, वर्दळीच्या जाळ्यावर ती काही तासांत संपत आणि मग त्याच अंकाखाली दुसरा संदेश जाऊन दोन्हींचे गुपित सैल होई. 2001 मध्ये बर्कलीच्या बोरिसोव्ह, गोल्डबर्ग आणि वॅग्नर यांनी हे दोष मांडले. त्याच वर्षी फ्लूरर, मॅन्टिन आणि शमीर यांनी, केवळ ऐकत राहूनही मूळ किल्ली हाती लागते, असे सिद्ध केले. मजबूत 'डब्ल्यूपीए-2' 2004 मध्ये आले.

परंतु कडी असून ती लावलीच नाही, तर काय? 26 जुलै 2008 रोजी अहमदाबादेत स्फोट होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना जो धमकीचा ई-मेल गेला, त्याचा माग नवी मुंबईतील एका अमेरिकी रहिवाशाच्या घरापर्यंत पोहोचला. त्याचे वाय-फाय उघडे होते आणि कटवाल्यांनी त्याचाच आश्रय घेतला होता. कटाशी काडीचा संबंध नसलेल्या त्या गृहस्थाला तपासाचा ससेमिरा मात्र सोसावा लागला. ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या एका महाविद्यालयाचे आणि सप्टेंबरात चेंबूरच्या एका कचेरीचे जाळे अशाच कामी वापरले गेले. तेव्हा कोठे मुंबई पोलिसांनी उघडी जाळी हुडकण्याची मोहीम जाहीर केली आणि फेब्रुवारी 2009 मध्ये दूरसंचार विभागाने ती सुरक्षित करण्याविषयी आदेश काढले. ही तजवीज स्फोटांनंतर व्हावी, हे मला आजही खेदाचे वाटते.

कडी लावल्यावरही शेजाऱ्याला काही दिसतेच: जाळ्याचे नाव, जोडलेल्या यंत्रांचे क्रमांक, देवघेव केव्हा आणि किती चालते ते, म्हणजे घर कधी जागे होते आणि कधी निजते, एवढे तरी. त्याहून गंभीर बाब ही की, 'डब्ल्यूपीए-2' मध्ये ज्याला आपण पासवर्ड सांगितला, तो आपले यंत्र जोडले जातानाची देवघेव टिपून पुढील वाहतूकही उलगडू शकतो. संकेतस्थळाचे स्वतःचे कूटलेखन असेल तेवढाच मजकूर झाकलेला राहतो. 2018 च्या 'डब्ल्यूपीए-3' ने ही फट बुजवली.

वाचकहो, आपल्या राउटरवर 'डब्ल्यूईपी' खेरीज दुसरा पर्यायच नसेल, तर तो संच आजच बदला.