थांबलेल्या वेळेची रेघ

घरापासून महाविद्यालयापर्यंतचा रोजचा प्रवास एका कागदावर अशा रीतीने मांडावयाचा, की त्यातून अंतरही कळावे आणि लागलेला वेळही कळावा, हा डिझाइनच्या शिक्षणातील एक परिचित सराव आहे. वरवर पाहता तो सोपा वाटतो. परंतु नकाशा काढावयास घेतला की स्थानकावर गाडीची वाट पाहण्यात गेलेली वीस मिनिटे नेमकी कोठे दाखवावयाची, हा प्रश्न उभा राहतो, कारण त्या वेळात घड्याळ पुढे सरकलेले असते आणि पाऊल मात्र जागचे हललेले नसते. काळ आणि अंतर यांच्या दृश्य मांडणीचा इतिहास हा पुष्कळ अंशी या थांबलेल्या वेळेला कागदावर जागा देण्याचा किंवा नाकारण्याचा इतिहास आहे.

काळाला लांबी असते आणि ती पट्टीने मोजता येते, ही कल्पना आज इतकी अंगवळणी पडली आहे की तीही कोणाला तरी घडवावी लागली, याचा विसर पडतो. इंग्लंडमधील वॉरिंग्टन येथील अकादमीत अध्यापन करणारे जोसेफ प्रीस्टली यांनी १७६५ मध्ये सुमारे दोन हजार थोर व्यक्तींच्या आयुष्यांचा एक तक्ता प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक आयुष्य म्हणजे एक आडवी रेघ असून तिची लांबी आयुर्मानाच्या प्रमाणात होती, आणि जन्ममृत्यूच्या वर्षांविषयी शंका असेल तेथे सलग रेघेऐवजी ठिपके योजले होते. आपले अज्ञानही चिन्हाने नोंदवण्याची ही शिस्त आजच्या अनेक चकचकीत आलेखांत आढळत नाही. या तक्त्यात अंतराला मात्र स्थान नव्हते.

दोन्ही परिमाणे एकाच कागदावर आणली ती रेल्वेने, आणि तीही सौंदर्यदृष्टीने नव्हे तर टक्कर टाळण्याच्या निकडीने. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी आलेखपद्धतीवरील आपल्या १८७८ च्या ग्रंथात पॅरिस-लिऑं मार्गावरील गाड्यांचा आलेख दिला असून त्या पद्धतीचे श्रेय इब्री या अभियंत्याला दिले आहे. या आलेखात उभ्या बाजूला स्थानके परस्परांतील प्रत्यक्ष अंतराच्या प्रमाणात लिहिलेली असतात आणि आडव्या बाजूला दिवसाचे तास असतात, त्यामुळे प्रत्येक गाडी ही एक तिरकी रेघ बनते. रेघ जितकी उभट तितकी गाडी वेगवान, दोन रेघा जेथे छेदतात तेथे समोरासमोरच्या गाड्यांची भेट, आणि जेथे रेघ आडवी होते तेथे गाडी स्थानकावर उभी. एकेरी मार्गावर दोन विरुद्ध रेघांचा छेद स्थानकाच्या रेषेवरच पडला पाहिजे. तो अधेमधे पडत असेल तर वेळापत्रक चुकले आहे, हे एकही गाडी सुटण्यापूर्वी दिसून येते.

हेच तंत्र भारतीय रेल्वेच्या नियंत्रण कक्षांत रुजले आणि सेक्शन कंट्रोलर, म्हणजे मार्गाच्या एका भागावरील गाड्यांचे नियमन करणारा कर्मचारी, धावत्या गाड्यांच्या रेघा पेन्सिलीने हाताने ओढीत असे. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोर घाटाच्या ३७ फुटांस एक फूट अशा चढावर गाडीची गती मंदावते, तिला मागून रेटणारी बँकर इंजिने जोडण्यासाठी कर्जतला थांबावे लागते, आणि म्हणून डोंगराचे चित्र कोठेही नसताना रेघेच्या आडव्या पायरीतून व नंतरच्या मंद उतारातून घाट ओळखू येतो. अशा आलेखाला सर्व स्थानकांवर एकच घड्याळ गृहीत धरावे लागते, हे ओघाने आलेच. मुंबई शहराने मात्र १९०६ मध्ये प्रमाणवेळ लागू झाल्यानंतरही कित्येक दशके तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असलेला आपला स्वतंत्र ‘बॉम्बे टाइम’ सोडला नाही.

थांबलेल्या वेळेला कागदावर लांबी मिळते की नाही, या कसोटीवर डिझाइनच्या वर्गांत आदर्श म्हणून दाखवला जाणारा शार्ल मिनार यांचा नेपोलियनच्या रशियावरील स्वारीचा १८६९ चा नकाशा तपासून पाहण्याजोगा आहे. नेपोलियनचे ४,२२,००० सैनिक नेमन नदी ओलांडतात, त्यांतील सुमारे १०,००० परततात, आणि दर दहा हजार माणसांना एक मिलिमीटर या प्रमाणात पट्टा आक्रसत जातो. त्याचा परिणाम आजही भेदक आहे. परंतु तारखा व तापमान केवळ परतीच्या वाटेला जोडलेले आहेत, आणि मॉस्कोतील पाच आठवड्यांच्या मुक्कामाला, ज्याने हिवाळा जवळ आणला, कागदावर काहीही लांबी मिळालेली नाही: पट्टा तेथे पोचतो आणि लगेच वळतो. मिनार यांना माणसांची हानी दाखवावयाची होती, हे मान्य करूनही ही उणीव लहान ठरत नाही.

फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८१ मध्ये लंडनहून ठरावीक दिवसांत पोचता येणारे प्रदेश एकेका रंगात दाखवणारा समकाल-नकाशा काढला, तर हॅरी बेक यांच्या १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडन भुयारी रेल्वेच्या आकृतीने प्रत्यक्ष अंतरच सोडून दिले. एकात थांबणे दिवसांच्या बेरजेत विरून गेले, दुसऱ्यात त्याचा प्रश्नच उरला नाही.

मराठीत मात्र अंतर फार पूर्वीपासून थांब्यांनी मोजले गेले आहे. ‘मजल’ म्हणजे एका दिवसात चालून होणारी वाट, जिच्या शेवटी मुक्काम असतो. आळंदी-पंढरपूर वाटेचे वर्णनही सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद अशा मुक्कामांच्या क्रमानेच केले जाते, आणि त्यात लोणंदच्या मुक्कामाचे दिवस हा वाटेच्या लांबीइतकाच महत्त्वाचा तपशील असतो.

डिझाइनच्या शिक्षणात हा विषय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्या रूपाने आला. डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड, केव्हिन लिंच आणि जॉन मायर यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात महामार्गावरील मोटारचालकाला क्रमाने दिसणाऱ्या दृश्यांसाठी एक चिन्हलिपी मांडली. चालकाची वाट समोर उलगडते म्हणून ही चिन्हलिपी खालून वर वाचावयाची असते. ती अविरत गतीसाठी घडवलेली होती. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था (१९६१) किंवा पवईचे इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर (१९६९) यांसारख्या संस्था ज्या देशात उभ्या राहिल्या, तेथील प्रवासात रांग, फलाट आणि सिग्नल यांचा वाटा इतका मोठा आहे, की येथील विद्यार्थ्याच्या कागदाला महामार्गाच्या चिन्हलिपीपेक्षा कंट्रोलरच्या पेन्सिलीने ओढलेली ती आडवी रेघच अधिक उपयोगी पडते.