रक्ताच्या कर्करोगातून आलेली गाऊटची गोळी

युरिक ॲसिड वाढलं की डॉक्टर जी ॲलोप्युरिनॉल लिहून देतात, ती गाऊटसाठी, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीसाठी, शोधलेलीच नव्हती. न्यूयॉर्कजवळ टकाहो इथल्या बरोज वेलकमच्या प्रयोगशाळेत गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज ल्युकेमियावर काम करत होते. त्यांचं ६-मर्कॅप्टोप्युरिन १९५३ मध्ये वापरात आलं, पण शरीरातलं झँथिन ऑक्सिडेज हे एन्झाइम त्याची मोडतोड करी. एन्झाइमलाच अडवलं तर औषध टिकेल, म्हणून त्यांनी ॲलोप्युरिनॉल हाताशी घेतलं.

ड्यूक विद्यापीठाच्या वेन रंडल्स यांनी ते रुग्णांना दिलं. मर्कॅप्टोप्युरिनचा जोर वाढला, पण विषारीपणाही तितकाच वाढला. ल्युकेमियाच्या रुग्णाच्या पदरात वेगळं काही पडलं नाही. रक्तातलं आणि लघवीतलं युरिक ॲसिड मात्र उतरलं होतं, कारण शरीरात तेही हेच एन्झाइम बनवतं. कर्करोगावर काम करणाऱ्या या मंडळींनी तो आकडा बाजूला सारला नाही, याचं मला फार मोल वाटतं. १९६६ मध्ये अमेरिकेत गाऊटसाठी या गोळीला मान्यता मिळाली.

त्याआधीही औषधं होती. कोल्चिकमच्या कंदातलं कोल्चिसिन सूज उतरवतं, पण सांध्यात साचलेल्या युरेटला, म्हणजे युरिक ॲसिडच्या क्षाराला, हात लावत नाही. पेनिसिलिन शरीरात टिकावं म्हणून बनवलेलं प्रोबेनेसिड युरिक ॲसिड लघवीवाटे बाहेर काढतं, पण त्यात मुतखड्याची भीती. ॲलोप्युरिनॉलने युरिक ॲसिड तयार होणंच कमी केलं.

रक्तात दर डेसिलिटरला साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर युरेटचे स्फटिक धरू लागतात. पातळी सतत ६ च्या खाली राहिली तर जुने स्फटिकही विरघळतात. त्याला महिने, कधी वर्षं लागतात. युरेट साचून गाठी झाल्या असतील तर ५ च्या खाली न्यावी लागते. सुरुवातीला, हे साठे हलू लागताना, पायाचा अंगठा पुन्हा ठणकू शकतो. म्हणून मात्रा कमीपासून वाढवतात आणि काही महिने कोल्चिसिन जोडीला देतात. नेमकं इथेच ‘गोळी बाधली’ म्हणत अनेक जण ती सोडतात. काही जण दुखणं थांबलं म्हणून सोडतात. दोघांचेही स्फटिक परत साचतात. अंगावर पुरळ उठलं तर मात्र गोळी लगेच थांबवून डॉक्टरकडे जायलाच हवं.

ॲझाथायोप्रिन हेही त्याच प्रयोगशाळेचं अपत्य. मूत्रपिंड बदललेल्यांना दिलं जाणारं हे औषध शरीरात मर्कॅप्टोप्युरिनच बनतं. त्यामुळे ते घेणाऱ्याने गाऊटची गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरला सांगायलाच हवं, नाहीतर रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत घटू शकतात.